गुरुवारी वाचनालय बंद असतं

माझ्या धाकट्या बहिणीने पुस्तक लिहिलं आहे, हे मला माझ्याच प्रकाशकाने सांगितलं. तेसुद्धा फोनवर, माझ्या नव्या कादंबरीच्या मुखपृष्ठाबद्दल बोलता बोलता.

"आणि ताई, तुमच्या बहिणीचं हस्तलिखित वाचलं," तो म्हणाला. "बसमध्ये वाचत होतो. माझा स्टॉप मागे गेला, कळलंच नाही."

मी एकतीस रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकोणतीस ह्याच माणसाने छापल्या. माझ्या एकाही पुस्तकापायी त्याचा स्टॉप मागे गेल्याचं मला आठवत नाही.

"बारकीने पुस्तक लिहिलं? कशावर?"

"तसं म्हटलं तर कशावरच नाही. तुमचं घर, गल्ली, आईचं शिवणकाम, वडिलांचा छापखाना. रोजचंच सगळं. पण काय लिहिलंय हो."

मी म्हटलं, "वा, छानच की." मग मुखपृष्ठावरचा सुरा जरा लहान करा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

बारकी माझ्याहून चार वर्षांनी लहान. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर तिने तेहतीस वर्षं काढली. लोक यायचे, आरडाओरडा करायचे आणि बारकी त्यांचा अर्ध्या तासाचा संताप वहीत एका ओळीत उतरवायची: "तिसरा मजला, चार दिवस पाणी नाही, घरात बाळंतीण." निवृत्त झाल्यावर ती बागेत फिरायला जाते आणि दुपारी लोळते, अशी माझी समजूत होती. ती दुपारभर लिहीत होती, आणि हे तिने मला सांगितलं नव्हतं.

हेवा मला नवा नाही. आमच्या धंद्यात तो चहासारखा रोज दोनदा लागतो. माझ्या कादंबऱ्यांत तीन खून हेव्यापायी झालेत, आणि तिन्ही वेळा मी त्याला आग म्हटलंय, वणवा म्हटलंय, धगधगता निखारा म्हटलंय. ते सगळं चूक होतं. हेवा म्हणजे चपलेत शिरलेला खडा. माणूस चालत राहतो, समोरून येणाऱ्यांशी हसतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि प्रत्येक पावलाला तो तिथेच असतो.

पुस्तक आलं. दोन महिन्यांत दुसऱ्या आवृत्तीची बोलणी सुरू झाली. माझी शिंपीण मला म्हणाली, "तुमच्या बहिणीने काय सुरेख लिहिलंय, तुम्ही पण लिहिता ना काहीतरी?" माझ्या दंतवैद्याच्या दवाखान्यात, वाट बघायच्या खोलीत, ते पुस्तक टेबलावर पडलेलं होतं. कोपरे दुमडलेले, म्हणजे वाचलेलं.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहिते. चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात दारासमोरच एक टेबल आहे. वीस वर्षं माझं नवं पुस्तक त्या टेबलावर असायचं. त्या दिवशी तिथे बारकीच्या पुस्तकाची चळत होती आणि माझी कादंबरी आत, पाककृती आणि योगासनांच्या मधल्या फळीवर. दुकानात गर्दी नव्हती. मी माझ्या सहा प्रती उचलल्या आणि तिच्या चळतीवर नीट रचून ठेवल्या. मागे वळले, तर दुकान सांभाळणाऱ्या बाई हातात पावतीपुस्तक घेऊन उभ्या.

"राहू देत, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत राहू देत. मग मी हलवीन."

कुणाचं समजूतदार बोलणं मला आयुष्यात कधी इतकं झोंबलं नव्हतं.

तोपर्यंत मी पुस्तक वाचलं नव्हतं. बारकीने पहिली प्रत हाती दिली तेव्हा "सावकाश वाचते गं" म्हटलं आणि कपाटात उलटी करून ठेवली होती. त्या दिवशी घरी आले आणि ती काढली. सरळ सातव्या प्रकरणावर गेले, कारण त्याचं नाव होतं "बाबांची नोकरी".

आता बाबांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची एकेक अक्षरं खणांतून उचलून ओळी लावायच्या, तेही उलटी, असं ते काम. मी बारा वर्षांची आणि बारकी आठ वर्षांची असताना बाबांची ती नोकरी गेली. का गेली ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. पण मी शोधून काढलं होतं. त्याच आठवड्यात त्या छापखान्यातून गिरणीमालकाचं एक पत्रक निघालं होतं, संपावरच्या कामगारांना चोर म्हणणारं. मी दोनात दोन मिळवले. बाबांनी ते पत्रक जुळवायला नकार दिला आणि मालकाने त्यांना घरी पाठवलं. मी त्यावर शाळेत निबंध लिहिला. त्याला बक्षीस मिळालं, तो सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवला. बाबा मागच्या बाकावर बसले होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "छान वाचलंस." माझ्यासाठी तो कबुलीजबाब होता. मी लेखिका झाले ती त्या दिवशी. पुढे प्रत्येक मुलाखतीत मी ही हकीकत सांगितली. एका कार्यक्रमात तर ती ऐकून लोक उठून उभे राहिले होते.

बारकीच्या सातव्या प्रकरणात पत्रक नव्हतंच.

तिने लिहिलं होतं की बाबांची दृष्टी त्याच्या दोन वर्षं आधीपासून जात होती. बोटांना खण पाठ होते, त्यामुळे जुळवायचं काम होत होतं. समोरचा मजकूर मात्र वाचता येईना. मग बाबा दुसऱ्या दिवशीचे कागद पिशवीत घालून घरी आणायचे. आई शिवणाच्या कारखान्यातून सातला यायची. मी शाळा सुटली की थेट वाचनालयात जायचे ते सातपर्यंत. बाबा पाचला यायचे, आणि सातपर्यंतच्या त्या दोन तासांत बारकी त्यांना कागद वाचून दाखवायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे. दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा स्वतः म्हणायचे, आणि बारकी कागदावर बोट ठेवून तपासायची. लग्नपत्रिका, जाहिराती, नाटकांची पत्रकं, शाळेचे अहवाल, सगळं पाठ. दुसऱ्या दिवशी ते आठवून आठवून जुळवायचे.

मग एके दिवशी एका संघाचं भित्तिपत्रक आलं. "अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." अक्षर गिचमिड होतं. आठ वर्षांच्या बारकीने ते वाचलं, "अध्यक्षपदी निधन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." बाबांनी विचारलं, "निधन? नीट बघ." तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "हो, निधनच." बाबांना वाटलं असेल, मोठ्या माणसांची भाषा, असेल काहीतरी. नाहीतर ते दमलेले असतील. भित्तिपत्रकं छापली गेली आणि गावभर लागली.

प्रकरणाचा शेवट असा होता: "त्या दिवशी बाबा चार वाजताच घरी आले. ताई वाचनालयात गेली होती. घरी मी एकटीच होते. पिशवी रिकामी होती. बाबा म्हणाले, 'आज वाचायला काही नाही.'"

मी पुस्तक मिटलं. आधी राग आला. मग राग आला आहे याचं बरं वाटलं, कारण हेव्यापेक्षा तो सभ्य असतो. मी ठरवलं की बारकी खोटं लिहितेय. आठ वर्षांच्या पोरीला काय आठवणार? आणि समजा आठवत असेल, तर मला कसं माहीत नाही? मी बारा वर्षांची होते, वर्गात पहिली होते. कुणाच्या बुटाला कसला चिखल लागलाय त्यावरून तो कुठून आला हे मी सांगायचे. माझ्याच घरात दोन वर्षं रोज संध्याकाळी असं काही चाललं होतं आणि मला पत्ता नाही, हे शक्य नव्हतं.

मग मी तेच केलं, जे माझ्या कादंबऱ्यांतला इन्स्पेक्टर करतो. साक्षीदार शोधला.

छापखान्याच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या माणसाने सांगितलं की जुना मशीनमन अजून आहे, सुनेकडे राहतो, कालव्यापलीकडे. मी गेले. शहाऐंशी वर्षांचे काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. नखांच्या कडा अजून काळ्या. मी कुणाची मुलगी ते सांगितलं.

"कुठली? वाचणारी की वाचून दाखवणारी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "थोरली."

"मग वाचणारी." त्यांनी मला स्टुलाकडे बोट दाखवलं. "बस पोरी. चहा घेशील?"

मी थेट विचारलं. बाबांना खरंच दिसत नव्हतं का?

"सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं," काका म्हणाले. "मालक सोडून. दिवसा घाईचं काम आलं तर आम्ही वाचून दाखवायचो, उगाच बडबडतोय असं दाखवत. पण त्याची भिस्त तुमच्या बारकीवर. म्हणायचा, माझी पोरगी वाचते ते थेट डोक्यात जातं."

"आणि ते भित्तिपत्रक?"

"दोनशे मी स्वतः छापली. मी वाचलं नाही. मशीनमन वाचत नसतो, शाई बघतो. प्रूफं बघणारे मास्तर त्या दिवशी रजेवर. मालकाने फक्त अध्यक्षाचं नाव बघितलं, ते बरोबर होतं. दुपारी मालक एक भित्तिपत्रक फाडून घेऊन आला. तुझ्या बापाच्या हातात दिलं. म्हणाला, वाच. तुझ्या बापाने वाचलं की. घडाघडा. एक अक्षर न चुकता. पाठच होतं ना. 'निधन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' आणि तोंडातून निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं. मालक म्हणाला, कागद उलटा धरलायस."

"मग?"

"मी म्हटलं, मालक, जुळाऱ्याला उलटंच वाचायची सवय असते. पण काही उपयोग झाला नाही. कुणी हसलंसुद्धा नाही. इतकी मोठी गंमत, पण एक माणूस हसला नाही. पोरीचं नाव मात्र त्याने घेतलं नाही. माझीच चूक, म्हणाला."

मी पत्रकाचं विचारलं, गिरणीमालकाच्या. काका म्हणाले, "ते होय. ते त्यानेच जुळवलं होतं. आदल्या दिवशी. काम होतं ते."

परतताना कालव्याच्या पुलावर मी बराच वेळ थांबले. माझी अख्खी कारकीर्द ज्या पायावर उभी होती तो पायाच मुळात नव्हता, याचं दुःख झालं असेल असं कुणाला वाटेल. खरं सांगायचं तर मला दुसरंच काही टोचत होतं. "माझी पोरगी वाचते ते थेट डोक्यात जातं." ती पोरगी मी नव्हते. बाबांचं एक गुपित होतं, आणि ते त्यांनी माझ्या हुशारीला न देता बारकीच्या अडखळत्या वाचनाला दिलं होतं. शिंपीण, दंतवैद्य, दुकानातलं टेबल हे सगळं त्यापुढे पोरखेळ होता. चौसष्टाव्या वर्षी मला एका आठ वर्षांच्या मुलीचा हेवा वाटत होता.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मला बारकीची निदान एक तरी चूक हवी होती. मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधण्या उघडून बसले. तीन दिवस लागले. चौथ्या पानावर, तळाला, सहा ओळी सापडल्या: काल सकाळी शहराच्या भिंतींवर एका संघाच्या अध्यक्षांच्या निधनाबद्दल अभिनंदन करणारी पत्रकं झळकली, अध्यक्ष ठणठणीत असून दुपारपर्यंत पत्रकं काढण्यात आली. अंक शुक्रवारचा. म्हणजे घटना गुरुवारची.

मी बाहेर पडताना दारावरची पाटी वाचली. माझ्या लहानपणापासून ती तिथेच आहे. गुरुवारी वाचनालय बंद.

मला इतका आनंद झाला की मी पायऱ्यांवरच उभी राहून हसले. "ताई वाचनालयात गेली होती." कशी जाईल? त्या दिवशी मी वाचनालयात असूच शकत नव्हते. बारकीची आठवण चुकली होती, आणि माझ्याकडे छापील पुरावा होता.

दुसऱ्या आवृत्तीचा कार्यक्रम पंधरा दिवसांनी होता आणि प्रमुख पाहुणी म्हणून प्रकाशकाने मलाच बोलावलं होतं. मी त्या बातमीची झेरॉक्स पर्समध्ये ठेवली. चांगली साडी नेसले. सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. बारकी माझ्या शेजारी बसली होती, हातात रुमाल चुरगाळत. तिला माणसांसमोर बसायची सवय नाही, तिच्या आणि माणसांच्या मध्ये कायम खिडकीची जाळी असायची.

मी चांगलं बोलले. बहिणीचं कौतुक केलं, बाबांची जुनी हकीकत मी कशी चुकीची सांगत होते तेही हसत हसत कबूल केलं. लोकांना ते आवडलं. मग मी ती झेरॉक्स काढली.

"पण मी पडले रहस्यकथाकार," मी म्हटलं. "पुरावा तपासल्याशिवाय राहवत नाही. लेखिका म्हणतात, त्या दिवशी ताई वाचनालयात होती. तो दिवस गुरुवार होता. आणि गुरुवारी वाचनालय बंद असतं. तेव्हा मी घरीच होते. आठवणीवर किती विश्वास ठेवायचा ते आता तुम्हीच ठरवा."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी बारकीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मला ओळखता आली नाही. मला वाटलं, हरलेल्या माणसाची असेल.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. माझ्याच वयाच्या, मांडीवर छत्री. अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "मग तुम्ही घरी होतात. तुम्ही काय बघितलंत? वडील आले तेव्हा?"

मी तोंड उघडलं आणि मला आठवलं.

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं. गुरुवार सिद्ध करायच्या नादात मी त्या गुरुवारात पाऊलच टाकलं नव्हतं. आमच्या खोलीला एकच खिडकी होती. चार वाजता तिच्यातून उजेडाचा एक पट्टा जमिनीवर पडायचा. मी त्या पट्ट्यात बसून एक रहस्यकथा वाचत होते, चौदा पानं उरली होती. पानावर सावली पडली. मी मान वर केली नाही.

"बाबा, उजेड अडवू नका ना."

"हो, हो," बाबा म्हणाले आणि भिंतीला हात लावत बाजूला झाले. मग त्यांनी विचारलं, "काय वाचतेस?" मी उत्तर दिलं नाही. खुनी कोण ते आता कळणारच होतं. ते तिथे थोडा वेळ उभे होते, हे मला त्यांच्या पायांवरून कळत होतं. मग ते पलीकडे गेले, जिथे बारकी बसली होती.

सभागृहात सगळे माझ्याकडे बघत होते.

"आठवत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात बारकीने माईक स्वतःकडे ओढला. "ताई वाचत होती," ती म्हणाली. "ती वाचायला बसली की घर पेटलं तरी तिला कळायचं नाही. म्हणूनच तर एवढी पुस्तकं लिहिली तिने." लोक मनापासून हसले. त्या बाईही हसल्या आणि बसल्या. प्रकाशकाने घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली.

आम्ही चालतच बारकीच्या घरी गेलो. तिने चहा टाकला. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि साडीच्या निऱ्यांवरून हात फिरवत राहिले.

"तुला माहीत होतं मी घरी होते," मी म्हटलं.

"हो."

"माझं बोलणंही ऐकलं होतंस. उजेडाचं."

"लहानशी खोली, ताई. ऐकू येणारच." ती भांड्याकडे बघत होती. "मी तुला वाचनालयात पाठवलं. पुस्तकात. आधी खरं तेच लिहिलं होतं. मग वाटलं, तू हे वाचशील. तुला का वाचायला लावायचं? बारा वर्षांची होतीस. एक ओळ बदलली, कुणाचं काय बिघडलं?"

म्हणजे जी चूक मी तीन दिवस बांधण्या उलटून शोधली, भर सभेत फडकावली, ती चूक नव्हतीच. ती तिने माझ्यावर पांघरलेली चादर होती आणि मी ती स्वतःच्या हाताने ओढून काढली होती. कुणीही शहाणं माणूस इथे गप्प बसलं असतं. पण कालव्याच्या पुलावरचं ते टोचणं अजून आत होतं.

"त्यांनी मला का नाही सांगितलं, बारके?" मी म्हटलं. "मी तुझ्याहून किती चांगलं वाचायचे. मी वाचलं असतं तर निवडचं निधन झालं नसतं."

बोलल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. बारकीने गॅस बंद केला. चहा गाळला, दोन्ही कप भरले, एक माझ्यासमोर ठेवला.

"हो," ती म्हणाली. "ते मला बावन्न वर्षं माहीत आहे."

तिचा आवाज चढला नव्हता. तक्रार खिडकीवर ती अशीच बोलत असणार. मला तिच्या हाताला हात लावावासा वाटला, पण आम्हा बहिणींत ती पद्धत नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं." तिने मान हलवली.

मग ती आपणहून म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांना. मला कठीण शब्द यायचे नाहीत, रडू यायचं. म्हटलं, ताईला सांगू या ना, ती भराभर वाचेल. बाबा म्हणाले, नको. ती स्वतःसाठी वाचते. तिला माझ्यासाठी वाचायला बसवलं तर तिची मजा जाईल. तिला तिचं वाचू दे."

मी चहाचा एक घोट घेतला.

"मला तेव्हा इतका राग आला होता तुझा," बारकी म्हणाली. "तू वाचनालयात मजेत, आणि मी इथे 'सहकुटुंब सहपरिवार' वाचत बसलेली. गुरुवारी तू घरी असलीस की आम्ही दोघं जिन्यात. रोज वाटायचं, मला का नाही कुणी म्हणत, तिला तिचं खेळू दे म्हणून."

"तुला माझा हेवा वाटायचा?"

"वाटायचा काय? तुझं प्रत्येक पुस्तक आलं की वाटतो. मी चाळीस वर्षं लोकांच्या नळांबद्दल लिहिलं, ताई."

"तेहतीस," मी म्हटलं.

"तेहतीस," ती म्हणाली, आणि आम्ही दोघीही हसलो. पण फार नाही.

मी तिला निबंधाचं विचारलं. मागच्या बाकावर बसून तो ऐकताना बाबांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला त्या पुलापासून सोडत नव्हता. बारकी त्या दिवशी त्यांच्या मांडीवर होती. ती म्हणाली, ऐकताना ते शांत होते, पण रात्री आईला म्हणाले, "पोरीने कुठला तरी दुसराच जुळारी लिहिलाय. पण माझ्यापेक्षा बरा माणूस आहे." आणि आईने त्यांना विचारलं, सांगायचं का तिला खरं? तर म्हणाले, बक्षीस परत करायला लागेल.

नंतर बाबा वेताच्या खुर्च्या विणायचे, बोटांनी चाचपत, मान भलतीकडेच. मी ते रोज बघायचे. माझ्या तिसऱ्या कादंबरीत तसा एक माणूस आहे, आणि तो आंधळा आहे हे वाचकाला दुसऱ्याच पानावर कळतं. बाबांना दिसत नाही हे मला कळलं ते खूप उशिरा, डॉक्टरने सांगितल्यावर. मी ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते.

मी बारकीला म्हटलं, पुढच्या आवृत्तीत ती ओळ दुरुस्त कर. ती म्हणाली, "मी नाही करणार. माझ्या पुस्तकात तू वाचनालयातच आहेस. तुला करायचं तर तू लिही." म्हणून मी हे लिहिलं. कादंबरी मी चार महिन्यांत संपवते. ह्या काही पानांना अकरा महिने लागले, आणि प्रकाशकाने वाचून विचारलं, यात रहस्य कुठे आहे?

मध्ये एका मासिकाचा माणूस मुलाखतीला आला होता. मी त्याला नोकरीची खरी हकीकत सांगितली, निधनासकट, उजेडासकट. त्याने मान डोलावत सगळं टिपून घेतलं. अंक आला तेव्हा त्यात छापलं होतं की माझ्या वडिलांनी कामगारांविरुद्धचं पत्रक जुळवायला बाणेदारपणे नकार दिला. जुन्या मुलाखतींतून उचललेलं असणार. मी संपादकांना खुलाशाचं पत्र पाठवलं. तेही छापून आलं नाही.

मी बारकीला फोन करून तो परिच्छेद वाचून दाखवला. ती बराच वेळ हसत होती, मग नाक पुसत म्हणाली, "असू दे गं ताई. बाबांना गंमत वाटली असती."

ती इतक्या सहज सोडून देते. मला ते अजून जमत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला हेवाच वाटतो.